सताप, संताप आणि पश्चात्ताप : 'रू' नावाच्या रोपाचा घोळ

कुंडीतली शेती

मागच्या आठवड्यात ऑनलाइन एक रोप मागवलं. खोका उघडला, वर्तमानपत्राच्या बोळ्यातून कुंडी बाहेर काढली, तर लेबलावर ठळक मराठीत छापलेलं : "पश्चात्ताप. बारमाही. रोज ५ तास ऊन. पाणी बेताने."

नवऱ्याने मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बेताने होय? मी इतकी वर्षं भरभरून घालतोय."

मागवला होता मी सताप. आजीच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्याजवळ असायचा. निळसर हिरवी, बोटाच्या पेराएवढी, गोलसर कातरलेली पानं. नुसता हात लागला तरी उग्र वास दिवसभर जायचा नाही. घरात तान्हं मूल आलं की याच्या दोन काड्या पाळण्याच्या दोरीला बांधायच्या. का, ते कोणी सांगायचं नाही. "असू दे" एवढंच.

आता घोळ असा की सतापाला इंग्रजीत 'रू' म्हणतात. आर-यू-ई. आणि पस्तावणे यालाही इंग्रजीत तेच, रू. भाषांतराच्या यंत्राने दोनातला एक अर्थ उचलला आणि माझ्या बाल्कनीत पश्चात्ताप येऊन बसला.

हसून झाल्यावर प्रश्न पडला. एका झुडपाला आणि एका भावनेला एकच शब्द का? पान चावून बघितलं, कडूजहर आहे. त्या कडूपणावरून पस्ताव्याला नाव पडलं, की पस्ताव्यावरून झुडपाला? जाणकारांनी सांगावं.

लोकल ८.१२

लेबलाचा फोटो हवाच! ऑफिसात डेस्कवर ठेवायला मलाही एक पश्चात्ताप पाहिजे.

अनुस्वार

धागा छान. आधी एक शाबासकी : लेबल छापणाऱ्याने 'पश्चात्ताप' बरोबर लिहिलाय. पश्चात् अधिक ताप, म्हणून दोन त. निम्मा महाराष्ट्र 'पश्चाताप' लिहितो आणि त्याचा कोणाला पश्चात्ताप होत नाही.

आता प्रश्नाचं उत्तर. यावरून ते नाही आणि त्यावरून हेही नाही. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. पस्ताव्याचा 'रू' हा इंग्रजीच्या घरचा, जुन्या इंग्रजीतल्या 'ह्रेओव' या शब्दातून आलेला. त्याचा अर्थ दुःख, खेद. झुडपाचा 'रू' पाहुणा आहे : ग्रीकमधून लॅटिनमध्ये 'रूटा', तिथून फ्रेंचमध्ये 'रू', आणि फ्रेंच बोलणाऱ्या राज्यकर्त्यांबरोबर इंग्लंडात. एकाचा पुढचा 'ह' झिजला, दुसऱ्याचा मधला 'ट' गळला, आणि दोघे एकाच उच्चारावर येऊन भेटले. आपल्याकडे 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे टॅक्स आणि 'कर' म्हणजे संक्रांतीनंतरचा दिवस, तसंच समजा.

घरच्या 'रू'ची एक बहीणही आहे, 'रूथ', म्हणजे दया. ती एकटी आता कोणी वापरत नाही, पण 'रूथलेस' रोज वापरतात. दया गेली, निर्दयता राहिली. (बायबलातल्या रूथचा याच्याशी संबंध नाही. ते नाव हिब्रू आहे.)

राईनकाठी

अनुस्वार यांना दुजोरा. मी राहते तिथे जर्मनमध्ये हे दोन शब्द कधी एकत्र आलेच नाहीत. पस्तावा म्हणजे 'रॉयऽ', झुडूप म्हणजे 'राउटऽ'. त्यामुळे जर्मन माणसाला ही गंमत समजावून सांगावी लागते, आणि सांगितल्यावर तो म्हणतो, बरं मग?

पण त्यांच्या 'राउटऽ'चा वेगळाच गोंधळ आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ समभुज चौकोन. पत्त्यातली चौकट असते ना, तसा. फोनवरच्या हॅशच्या खुणेलाही तेच म्हणतात. बँकेला फोन केला की बाई सांगते, राउटऽ दाबा. पहिल्या वर्षी मी शब्दकोश उघडून बसले होते. तिथे लिहिलेलं : सुगंधी औषधी झुडूप.

खारवा

फ्रेंचांचा राहिला. तिकडे 'रू' म्हणजे सताप आणि 'रू' म्हणजे रस्ता. स्पेलिंग एक, दोन्ही स्त्रीलिंगी. रस्त्याचा 'रू' लॅटिन 'रूगा'पासून आला, म्हणजे सुरकुती. गावाच्या तोंडावरची सुरकुती म्हणजे गल्ली, कल्पना भारी आहे. त्याच रूगापासून इंग्रजीतलं 'कोरुगेटेड' आलं. म्हणजे आपल्या पन्हळी पत्र्याचं आणि पॅरिसच्या रस्त्याचं मूळ एक!

मिरामार

खारवाबाब, पॅरिसला कशाला जाता, पणजीला या. फोंतेन्यांशमध्ये घरांच्या कोपऱ्यांवर निळ्या-पांढऱ्या फरशीत अजून 'रुआ' लिहिलेलं आहे. रुआ द ओरेम खाडीच्या कडेने जातो. हा 'रुआ' त्याच सुरकुतीतला. पोर्तुगीज मात्र शहाणे, त्यांनी सतापाला वेगळं ठेवलं : 'आर्रूदा'. पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये दृष्ट लागू नये म्हणून आर्रूदाची काडी कानामागे खोचतात. धागाकर्तीच्या आजीची पाळण्याला बांधलेली काडी वाचून एकदम तेच आठवलं.

कोचीकर

माझी नोकरी कोचीत. इथे जुन्या घरांच्या अंगणात सताप हमखास दिसतो. मल्याळममध्ये नाव 'अरूत'. मिरामार यांच्या 'आर्रूदा'शी किती जुळतं बघा! समज असा की ज्या घरात हे झाड आहे तिथल्या पोरांना अपस्मार होत नाही.

आणि याच नावाला लागून मल्याळममध्ये 'अरुत्' म्हणजे 'करू नये'. आमच्या घरमालकीण बाईंच्या मुलाने लहानपणी ते रोप उपटलं होतं. त्या ओरडल्या, "अरुत्! अरूत!" तो म्हणे हसत सुटला, आईची तबकडी अडकली म्हणून.

वैद्यबुवा नाही

झाडाबद्दल दोन शब्द बोलतो. वनस्पतिशास्त्रात नाव रूटा ग्रॅव्हिओलेन्स. ग्रॅव्हिओलेन्स म्हणजे उग्र वासाचं. मूळ घर बाल्कन भाग, दक्षिण युरोप. गंमत म्हणजे याच्या नावाने जे कुळ ओळखलं जातं, रूटेसी, त्यात आपलं निम्मं स्वयंपाकघर आणि थोडं देवघर आहे : लिंबू, संत्रं, कढीपत्ता, कवठ, बेल. पान उजेडात धरा, बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. तेलाच्या पिशव्या त्या. लिंबाच्या पानातही असतात.

आता गंभीर. बाळाच्या पाळण्याला बांधायचं तर बांधा, पण कृपा करून रस पाजू नका. जास्त प्रमाणात विषारी आहे. गरोदर बाईने तर अजिबात पोटात घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावतं. जुन्या काळी अनेक देशांत नको असलेल्या दिवसांवर बायका हेच घेत आणि कित्येकदा जिवावर बेते. झटके येणाऱ्या मुलाला काडीची नाही, डॉक्टरची गरज असते.

सोलापुरी चादर

उन्हात तोडू पण नका हो. मी मे महिन्यात भर दुपारी उघड्या हातांनी आख्खं झुडूप छाटलं. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद, तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड. डॉक्टर म्हणाले, चीक लागला आणि वर ऊन पडलं. उन्हात लिंबू पिळतानाही असं होऊ शकतं म्हणे. डाग जायला दिवाळी उजाडली. लेबलवाल्याचं काही चुकलं नाही, पश्चात्तापच तो.

आमच्याकडे शेजारच्या कानडी आजी याला नागदाळी म्हणतात.

पेन्सिलीचं टोक

मी पोटासाठी भाषांतर करते, त्यामुळे या शब्दाशी माझी जुनी दुश्मनी आहे.

अनुस्वार म्हणतात ते खरं, मुळं वेगळी. पण एका छपराखाली चारपाचशे वर्षं राहिल्यावर भाडेकरू तरी वेगळे राहतात का? इंग्रजांनी कडू चव आणि मनातला कडवटपणा एकत्र केला, आणि एकदा केल्यावर त्यावर मजले चढवले. खऱ्या पस्ताव्याला देवाची कृपा मिळते, म्हणून सतापाला नाव पडलं 'हर्ब ऑफ ग्रेस', कृपेची वनस्पती. हॅम्लेटच्या चौथ्या अंकात वेडी झालेली ऑफिलिया फुलं वाटते, त्यात हा सतापही आहे. म्हणते, हा तुम्हाला, थोडा मलाही, रविवारी याला कृपेची वनस्पती म्हणू या. कोणाला देते ते नाटकात लिहिलेलंच नाही, त्यामुळे प्रत्येक दिग्दर्शक आपल्या मनाने राणीच्या किंवा राजाच्या हातात देतो. ज्याच्या हातात पडेल तो गुन्हेगार. 'दुसरा रिचर्ड' नाटकात तर राणीचा अश्रू जिथे पडला तिथे माळी सतापाचा वाफा लावायचं ठरवतो. इंग्रज प्रेक्षकाला दोन्हीकडे झुडूप आणि दुःख एकाच वेळी ऐकू येतं.

हे मराठीत कसं आणायचं? 'सताप' लिहिलं तर झुडूप आलं, दुःख गेलं. 'पश्चात्ताप' लिहिलं तर धागाकर्तीच्या कुंडीसारखं होतं. कडुनिंब घालावा तर तो आपल्याकडे पाडव्याला गुळाबरोबर खातात, त्यात पस्तावा कुठला!

नुसताच वाचक

अहो पण 'सताप' म्हटल्यावर मला तरी 'संताप'च ऐकू येतो. एका टिंबाचं अंतर आहे.

पेन्सिलीचं टोक

!!!

पाच वर्षं मी हे बघत होते आणि दिसलं नाही.

आडवाटेचा

त्यात आश्चर्य काय? सताप हा शब्दच मुळी संस्कृत. स अधिक ताप. तापाने युक्त, उष्ण गुणाचं. किंवा ताप उतरवणारं. आपल्या पूर्वजांनी गुण बघून नाव ठेवलं, इंग्रजांसारखा अपघात नव्हे.

अनुस्वार

आडवाटेचा, क्षमा करा, पण हा अपघातच आहे. हिंदीत याला सिताब म्हणतात, गुजरातीत सताब, फारसीत सुदाब. ही रांग बघितल्यावर 'सताप' कुठून आला हे वेगळं सांगायला नको. झाड बाल्कनाकडचं, पश्चिमेकडून आलेलं, नावही त्याच वाटेने आलं. मराठी जिभेने शेवटच्या 'ब'चा 'प' केला, आणि मग कानाला त्यात ओळखीचा 'ताप' सापडला.

आणि स-ताप म्हणजे 'तापासकट' होईल हो. ताप उतरवणाऱ्याला ताप-हर म्हणतील.

आडवाटेचा

सगळं बाहेरूनच आलं असं म्हणायची आपल्याकडे फॅशन आहे.

अनुस्वार

'फॅशन'सुद्धा बाहेरून आली.

लोकल ८.१२

सताप वाढत चाललाय, टिंब द्या कोणीतरी.

पेन्सिलीचं टोक

भांडू नका, दोघांचंही मला उपयोगाचं आहे. मूळ फारसी असो, पण आडवाटेचा यांना त्यात 'ताप' ऐकू आला, माझ्या आजीलाही येत असणार. इंग्रजांच्या 'रू'चं नेमकं हेच झालं : मूळ एक, कानाला ऐकू आलं दुसरं, आणि बोलणाऱ्यांनी ऐकू आलेलं खरं धरलं.

आणि आपला 'ताप' तर इंग्रजी 'रू'पेक्षा कितीतरी मोठा गोतावळा आहे. अंगात येतो तो ताप, डोक्याला होतो तो ताप. आत कोंडला की संताप. मागाहून आला की पश्चात्ताप. संतांकडे अनुताप, म्हणजे पस्तावून देवाकडे वळणं. कीर्तनात त्रिविध ताप. विरहिणीचा तोही तापच. आपल्याला पस्तावा कडू लागत नाही, भाजतो. इंग्रजांची जीभ, आपली कातडी. सोलापुरी चादर यांच्या हातावर तर दोन्ही एकदमच उमटलं.

ऑफिलियाच्या तोंडी मी आता 'सताप' घालीन आणि पुढच्या वाक्यात 'ताप' येईल असं बघीन. "हा सताप तुम्हाला. थोडा मलाही ठेवते, ताप काही तुमच्या एकट्याचा नाही." मूळच्या जवळ गेलं का?

नुसताच वाचक

गेलं. पण रविवार राहिला.

पेन्सिलीचं टोक

रविवारी सुट्टी असते. उद्या बघते.

खारवा

'रू द डे' कसं करता? तो दिवस आठवून पस्तावशील, असं सबटायटलात वाचलं की मला शाळेतले सर आठवतात.

पेन्सिलीचं टोक

धमकी असेल तर "महागात पडेल" किंवा "याद राखशील". स्वतःबद्दल बोलत असेल तर "कुठून अवदसा आठवली", "कुठली दुर्बुद्धी सुचली". आपल्याकडे पस्तावताना माणूस दिवसाला बोल लावत नाही, बुद्धीला लावतो. 'रूफुल' हसू असेल तर 'ओशाळं'.

बाकी पस्ताव्याच्या वजनाप्रमाणे मराठीत शब्द आहेत. सेलमधली साडी सोडून आलो, ती चुटपुट. बाबांना शेवटचा फोन करायचा राहिला, ती रुखरुख. दुसऱ्याचं नुकसान बघून आपल्याला होते ती हळहळ. खंत सावकाश आणि रोज. शल्य रुतून बसतं.

कोचीकर

रुखरुख! इंग्रजांच्या रूपेक्षा दुप्पट आहे, आपण दोनदा रू करतो.

अनुस्वार

कोचीकर, हे गमतीत लिहिलंय ना? पुढे कोणीतरी व्हॉट्सॅपवर 'इंग्रजी शब्द मराठीतून आला' म्हणून फिरवेल.

राईनकाठी

अवांतर : नावात 'रू' असलेली सगळी झुडपं सतापाची नातेवाईक नाहीत. 'सिरियन रू' म्हणजे आपला हरमळ, त्याच्या बिया धुरी द्यायला निखाऱ्यावर टाकतात, कुळ वेगळं. आणि 'गोट्स रू' म्हणजे शेळीचा सताप, तो तर वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातला. पण त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. युरोपात वारंवार लघवीला होण्याच्या तक्रारीवर तो जुन्या काळापासून देत. पुढे त्यात साखर उतरवणारं गॅलेजिन सापडलं. ते औषध म्हणून फार विषारी निघालं, पण त्याच जातीची रसायनं शोधत शास्त्रज्ञ मेटफॉर्मिनपर्यंत पोचले. ते प्रयोगशाळेत बनलं १९२२ मध्ये, आणि मधुमेहाच्या रुग्णांवरचा त्याचा उपयोग फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी प्रसिद्ध केला १९५७ मध्ये.

लोकल ८.१२

म्हणजे आमचे तीर्थरूप रोज जेवणानंतर श्रीखंडाच्या पश्चात्तापाची गोळी घेतात.

सोलापुरी चादर

_/\_ धागा संपला, लोकलने जिंकला.

मिरामार

संपवू नका. लिथुआनियाचं राहिलं! तिथे सताप म्हणजे कुमारिकेचं झाड, राष्ट्रीय फूलच म्हणा ना. नवरीच्या डोक्यावर सतापाचा मुकुट असायचा आणि लग्नात तो उतरवायचे. तिथे पस्ताव्याचं नाव नाही. 'रूटा' हे मुलींचं नाव आहे.

वैद्यबुवा नाही

आणि रोमन प्लिनी लिहितो की सापाशी झुंजण्याआधी मुंगसासारखा एक प्राणी सताप खातो. आपल्याकडे मुंगूस मुंगूसवेल खातं म्हणतात, तसंच. दोन्हीकडे मुंगसाला कोणी विचारलेलं नाही.

कुंडीतली शेती

दहा दिवस माहेरी होते, येऊन बघते तर काय हा धागा! सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिच्यासाठी सताप आणि संताप यांत टिंब नव्हतंच, नाकात बोलल्याचा फरक. सर्दी झाली की दोन्ही एकच.

आता वाईट बातमी. पश्चात्ताप संपला. वरची तीन डहाळ्यांची पानं गायब, नुसत्या काड्या. आधी नवऱ्यावर संशय घेतला, पाणी बेताने घातलं नसेल म्हणून. मग बारकाईने बघितलं तर एका काडीला चिमणीची शीट चिकटल्यासारखं काहीतरी. काडीपेटीच्या काडीने टोचलं तर ते हललं. शेजारी अजून एक, बोटाएवढी, हिरवीगार, गळ्याशी काळसर पट्टा. तिला टोचलं तर डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर आली आणि असा काही आंबूस वास सुटला की सतापाचा वास बरा म्हणायचा. काय आहे हे? औषध मारू का?

वैद्यबुवा नाही

मारू नका! ती लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी आहे. काळ्यावर पिवळट ठिपके आणि मागच्या पंखाला लाल डाग, ते. म्हटलं ना, सताप लिंबाच्याच कुळातला. फुलपाखराची मादी पायाने पान चाखून अंडं घालते, आणि तिच्या लेखी तुमची कुंडी लिंबाचं झाड आहे. शीटेसारखी दिसते ती लहान अळी, हिरवी ती मोठी. शिंगं घाबरवायला.

अनुस्वार

म्हणजे लेबल वाचलं नाही असं एकटी तीच.

कुंडीतली शेती

तीन डहाळ्या शिल्लक आहेत. पुरतील का दोघींना?

वैद्यबुवा नाही

मोठीला पुरतील, दोन-तीन दिवसांत कोष करेल. धाकटीला नाही पुरणार. शेजारी कोणाकडे लिंबू किंवा कढीपत्ता आहे का?

कुंडीतली शेती

खालच्या मजल्यावर काकूंकडे कढीपत्ता आहे. पण त्या एक पान तोडू देत नाहीत, अळी कुठली ठेवू देतील!

लोकल ८.१२

रात्री ठेवा. सकाळी संताप होईल, तो त्यांचा.